अर्धा इंची एल्बो आणि 1 फेब्रुवारी

आमच्या दुकानात कॉम्प्युटर होताच, पण तो दिवाणजींचा होता. कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील, पाइप-फिटिंग, फूट व्हॉल्व्ह असला सगळा माल. मी काउंटरला. गिऱ्हाइकानं मागितलेलं काढून द्यायचं, चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी दिवाणजींकडं सरकवायची आणि ते टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्राममध्ये, बिल मारणार. आवक-जावकची रजिस्टरं माझ्याकडं, शिवाय एक मोठ्या बटणांचं कॅल्क्युलेटर. कितीतरी वर्षं हे असंच सुरळीत चाललं होतं आणि माझी काही तक्रार नव्हती.

मग पाणी आलं. 2019 च्या ऑगस्टमधलं कसंबसं निभावलं. 2021 च्या जुलैत व्हीनस कॉर्नरकडनं परत पाणी चढायला लागलं तेव्हा पोरांनी मोटरी आणि बेअरिंगचे बॉक्स माळ्यावर नेले, दिवाणजींनी कॉम्प्युटरचा डबा स्वतः उचलून वर ठेवला, आणि खालच्या कपाटातली रजिस्टरं कुणाच्या ध्यानातच आली नाहीत. पाणी उतरल्यावर पानं सोडवायला बसलो तर शाई पार धुऊन गेलेली. मालकांनी तिथंच सांगून टाकलं, "आता रजिस्टर बंद. स्टॉक सगळा कॉम्प्युटरवर." दिवाणजी म्हणाले, "मला टॅली सोडून काय येत न्हाई, आणि डोळ्याचं ऑपरेशन हाय पुढच्या महिन्यात." मग राहिलं कोण, ते सांगायला नको.

सेहेचाळिशीला आलेल्या बाईनं आता काय शिकायचं, असं घरात कुणी म्हणालं नाही, मीच म्हणत होते. एमएस-सीआयटी 2001 साली सुरू झालं तेव्हा गल्लोगल्ली सेंटरं निघाली होती. सरकारी नोकरीला लागतं म्हणून माझ्या भावजयीनं केलं, मी काही त्या वाटेला गेले नाही. आता चौकशी केली तर पहिल्या पाठात कॉम्प्युटरचे भाग, इनपुट, आउटपुट, मेमरीचे प्रकार. कॉलेजच्या पोरांना हे ठीक आहे. मला सकाळी शटर वर गेल्यावर पहिलं बोट कुठं ठेवायचं ते हवं होतं. म्हणून क्लास लावला नाही. मालकांची धाकटी सून बी.कॉम. आहे, माहेर गडहिंग्लजचं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा त्या दुकानात येऊन शिकवायच्या. वयानं माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या, पण मालकांच्या घरच्या म्हणून मी त्यांना वहिनी म्हणते आणि त्या मला काकू.

पहिल्या दिवशी वहिनींनी कॉम्प्युटर चालूच केला नाही. म्हणाल्या, "काकू, रजिस्टरात तुम्ही काय काय लिहिता ते एका कागदावर आडवं लिहून दाखवा." मी लिहिलं: तारीख, मालाचं नाव, साइज, आवक, जावक, शिल्लक, पार्टी, चलन नंबर. त्या म्हणाल्या, "झालं, हेच तुमचं एक्सेल. आता हे तिकडं न्यायचं एवढंच." मला आजही वाटतं, नवशिक्याला शिकवायचं तर हीच पद्धत. ज्याचं काम त्याच्याच कामावरून सुरू करावं. फुलं-झाडं रंगवून माऊस शिकवायचा तर शिकवा बापडे, पण चार दिवसांनी माणूस विचारतो, याचं मी करू काय?

माऊस मात्र शिकावा लागलाच. लोक सांगतात डावं बटण, उजवं बटण, आणि पुढं जातात. अडतं ते डबल क्लिकला. दोन टिचक्यांच्या मध्ये जरा जास्त वेळ गेला की कॉम्प्युटर त्याला डबल क्लिक मानत नाही. त्याला वाटतं तुम्हाला फाइलचं नाव बदलायचंय. नाव निळं होतं, आत रेघ लुकलुकायला लागते, आणि माणूस घाबरून काहीतरी दाबतो. तिथं एस्केप दाबायचं, नाव होतं तसं राहतं. आणि टिचक्या हळूच पडत असतील तर कंट्रोल पॅनेलमध्ये माऊसच्या खाली डबल क्लिकचा वेग कमी करायची पट्टी आहे, ती डावीकडं ओढायची. वहिनींनी ती ओढून दिली आणि माझा निम्मा त्रास गेला. नाहीतर फाइलीवर एकदाच क्लिक करून एंटर दाबलं तरी ती उघडते, डबल क्लिकचं नावच नको.

कीबोर्डवरच्या आकड्यांचं मात्र मला काहीच शिकावं लागलं नाही. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन कॅल्क्युलेटरसारखाच असतो, वर 7-8-9, खाली 1-2-3. मोबाइलवर उलटं असतं, तिथं 1-2-3 वर. दुकानातली पोरं मोबाइलवर वाढलेली, ती या चौकोनावर चाचपडतात. माझी बोटं न बघता चालतात. नम लॉकचा दिवा लागलेला आहे का एवढं बघायचं, तो बंद असेल तर आकडे उमटत नाहीत, नुसता कर्सर इकडं-तिकडं उड्या मारतो.

भीती म्हणाल तर ती यंत्राची नव्हती, इंग्रजी पाट्यांची होती. मध्येच एक चौकोन येतो, त्यात दोन ओळी इंग्रजी आणि खाली तीन बटणं. आमच्या दुकानात सगळ्यांची रीत अशी की न वाचता मधलं बटण दाबायचं. मी एक दोनशे पानी वही केली. पाटी आली की हात मागं घ्यायचा, जशीच्या तशी उतरवून घ्यायची, आणि दुपारी वहिनींना अर्थ विचारायचा. थोड्या दिवसांत लक्षात आलं की रोज येणाऱ्या पाट्या मोजक्याच आहेत. बंद करताना विचारतो, बदल ठेवू का? सेव्ह म्हणजे ठेव, डोन्ट सेव्ह म्हणजे टाकून दे, कॅन्सल म्हणजे मी बंदच करत नाही, परत कामावर ने. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर विचारतो, रिप्लेस करू का, म्हणजे जुनी जाऊन नवी बसणार. ही एकच पाटी खरी सांभाळायची. बाकी बहुतेक गोष्टी कंट्रोल आणि झेडनं माघारी येतात. मेलमधनं आलेली फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते, एनेबल एडिटिंग म्हणून. ती धोक्याची घंटा नव्हे. फाइल बाहेरून आलीय, आत्ता फक्त वाचता येईल, लिहायचं असेल आणि पाठवणारा ओळखीचा असेल तर बटण दाबा, एवढंच ती सांगते.

आता खरी गोम. मी ज्यांना ज्यांना कॉम्प्युटर येतो असं समजत होते, त्यातल्या निम्म्यांना आपली फाइल कुठं आहे ते माहीत नसतं. काउंटरचा पोरगा व्हॉट्सॲपवर आलेलं भावपत्रक परत परत डाउनलोड करतो. डाउनलोड्समध्ये त्याच नावाच्या सात-आठ फाइली, पुढं कंसात 1, 2, 3. नवीन भाव कुठल्यात ते देव जाणे. मला मात्र हा भाग लवकर कळला, कारण दुकानात माझं तेच काम. फोल्डर म्हणजे रॅक, त्यातलं फोल्डर म्हणजे खण, आणि फाइल म्हणजे खणातला माल. डेस्कटॉपवर ज्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो तो शॉर्टकट. तो माल नव्हे, रॅकवर चिकटवलेली पाटी. पाटी काढली तरी माल जागेवर असतो. आणि नुसती पाटी पेन ड्राइव्हवर घालून नेली तर सीएच्या ऑफिसात काहीच उघडत नाही. विंडोजचं बटण आणि ई दाबलं की सगळे रॅक समोर येतात, मी दिवसाची सुरुवात तिथूनच करते. सेव्ह करताना नाव देण्याआधी वरच्या पट्टीत कुठल्या खणात चाललंय ते वाचायचं. वहिनींनी मला दुसरं काही नाही शिकवलं असतं आणि एवढंच शिकवलं असतं तरी काम झालं असतं. अजून एक, कॉम्प्युटरमधनं काही डिलीट केलं तर ते आधी रिसायकल बिनमध्ये जातं, तिथनं परत मिळतं. पेन ड्राइव्हवरचं डिलीट केलं तर ते बिनमध्ये जात नाही, सरळ जातं.

एक्सेलवर आले तेव्हा 2022 उजाडलं होतं. पहिला रॅक घेतला पाइप-फिटिंगचा, आणि तिथं गंमत झाली. एल्बोच्या, म्हणजे पाइप वळवायच्या कोपऱ्याच्या, ओळीत साइजच्या रकान्यात अर्धा इंची म्हणून 1/2 टाइप केलं, एंटर मारला, तर 01-फेब असं आलं. पुसलं, परत टाकलं, परत 1 फेब्रुवारी. पाऊण इंचीला 3/4 टाकलं तर 3 एप्रिल. आणि दीड इंचीला 1 टाकून जागा सोडून 1/2 टाकलं तर ते मात्र बरोबर 1 1/2 दिसलं! दीड चालतं आणि अर्धा चालत नाही, हा कुठला न्याय? काउंटरचा पोरगा हसून लोळायचा बाकी होता. "अक्का, एल्बोचा वाढदिवस आला."

वहिनींनी मग नीट सांगितलं. आकडा, तिरकी रेघ, आकडा असं दिसलं की एक्सेल त्याला तारीख समजतं, आणि चालू वर्ष स्वतःच जोडून टाकतं. आधी एक पूर्ण आकडा असेल तर मात्र तो अपूर्णांक आहे हे त्याला कळतं. मी म्हटलं, मग रकाना बदलून साधा मजकूर करू. तसं केलं तर 1 फेब्रुवारी जाऊन तिथं 44593 आलं. हे काय नवीन? तर एक्सेल तारीख म्हणून जे ठेवतं तो आतनं नुसता दिवसांचा आकडा असतो. 1 जानेवारी 1900 हा पहिला दिवस धरून मोजत आलं की 1 फेब्रुवारी 2022 ला तो 44593 होतो. दोन तारखांची वजाबाकी करून उधारी किती दिवसांची झाली ते चटकन निघतं, ते याच्यामुळंच. पण माझ्या एल्बोला त्याचा काय उपयोग! उपाय असा की रकाना आधीच निवडून टेक्स्ट करून ठेवायचा आणि मग लिहायचं. आधी लिहून मग टेक्स्ट केलं तर उशीर झालेला असतो. एखाद-दुसऱ्या ठिकाणी हवं असेल तर 1/2 च्या आधी एकेरी अवतरणाचं चिन्ह द्यायचं, ते कागदावर उमटत नाही.

यातनं एक खूण हाताला लागली जी मी सगळ्यांना सांगते. एक्सेल ज्याला आकडा किंवा तारीख मानतं ते आपल्या घराच्या, म्हणजे त्या चौकोनाच्या, उजव्या भिंतीला चिकटतं, मजकूर डाव्या. वहिनींच्या जुन्या लॅपटॉपवर तारखेची मांडणी अमेरिकन होती, महिना आधी. तिथं 05/04/2022 लिहिलं की ते 5 एप्रिलऐवजी 4 मे धरायचं, आणि 25/04/2022 लिहिलं की पंचविसावा महिना नसतो म्हणून त्याला मजकूर समजून डावीकडं ढकलायचं. नुसत्या नजरेनं रकाना बघितला तरी काही तारखा डावीकडं, काही उजवीकडं दिसतात, आणि तिथंच समजायचं की गडबड आहे. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंडिया केलं की पुढच्या नोंदी ठीक पडतात.

बेरजेचंही तेच. आमचा पोरगा जावकच्या रकान्यात "12 नग" असं लिहायचा. दिसायला चांगलं, पण अक्षर आलं की एक्सेलच्या लेखी तो मजकूर, आणि बेरीज मजकुराला मोजतच नाही. कुरकुर न करता कमी बेरीज दाखवतं. म्हणून नग, मीटर, किलो यांना स्वतंत्र रकाना केला. रकान्यात नुसत्या जाळीच्या खुणा (####) आल्या तर घाबरायचं नाही, आकडा मोठा आणि रकाना अरुंद झालाय. वरच्या एबीसीच्या पट्टीवर दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर डबल क्लिक केलं की तो हवा तेवढा रुंद होतो.

शिल्लक काढायला सूत्र एकच. पहिल्या ओळीत बरोबरच्या चिन्हानं सुरू करायचं, मग आरंभीची शिल्लक अधिक आवक वजा जावक, आणि घराच्या उजव्या खालच्या टोकाला बारीक चौकोन असतो तो धरून खाली ओढायचं. पहिल्यांदा ते ओढल्यावर दोनशे ओळींची शिल्लक एका दमात भरली तेव्हा मी कॅल्क्युलेटर काढून सगळी परत मोजायला बसले होते. वहिनी काही बोलल्या नाहीत, चहा सांगितला. सगळी जुळली. त्यानंतर मात्र कधी मोजली नाही.

फिल्टर हा प्रकार मला सर्वांत आवडला. 6205 चं बेअरिंग किती प्रकारचं आहे असं कुणी विचारलं की पूर्वी तीन पानं उलटायची. आता वरच्या छोट्या बाणावर टिचकी, 6205 वर खूण, आणि दोन्ही बाजूंनी पत्रा असलेलं, रबराचं, उघडं, सगळं एकाखाली एक. बेअरिंगवाल्यांना माहीतच असतं, शेवटच्या 05 ला 5 नं गुणलं की 25, म्हणजे 25 मिलिमीटरच्या शाफ्टचं. गिऱ्हाईक फक्त शाफ्टची जाडी सांगत असेल तर तो रकानाही मी वेगळा करून ठेवलाय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं.

मराठी टायपिंगची वेगळी कथा. मालकांना भावपत्रक मराठीतच लागतं, खेड्यातले शेतकरी आणि वायरमन लोक आमचं मुख्य गिऱ्हाईक. जुनं भावपत्रक प्रेसवाल्यांनी त्यांच्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये केलेलं, ती फाइल आमच्याकडं उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. तो फॉन्ट असेल तरच मराठी दिसणार. युनिकोडमध्ये केलेलं कुठल्याही मोबाइलवर दिसतं, म्हणून सगळं नव्यानं करायचं ठरलं. वहिनी इंग्रजी अक्षरं टाइप करून मराठी उमटवतात. पण मला एखाद्या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग आधी मनात करायचं आणि मग मराठी लिहायचं, हे काही पटेना. त्यापेक्षा इन्स्क्रिप्ट शिकले, म्हणजे थेट मराठी अक्षरांची बटणांची मांडणी. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की ती येते, आणि विंडोजचं बटण व स्पेस दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. साधारण असं की डाव्या हाताखाली स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजनं. क के वर, शिफ्टसह ख. कोल्हापूर लिहायचं तर के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. यातलं डी म्हणजे पाय मोडायचं बटण. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसत असली तरी टाइप मागनं करायची, बोलतो तशी. टाइपरायटरवर शिकलेल्यांना हे जड जातं, त्यांच्या बोटांत वेलांटी आधी असते. माझ्या बोटांत काहीच नव्हतं, त्यामुळं विसरायचंही काही नव्हतं.

काउंटरचा पोरगा संकेश्वरचा, त्याला कानडी लिहायला येतं. त्यानं एकदा सहज कानडी भाषा लावून तीच बटणं दाबली तर कानडीत कोल्हापूर उमटलं. क च्या जागी क, प च्या जागी प. इन्स्क्रिप्टची रचना सगळ्या भारतीय लिप्यांना सारखीच ठेवलीय. तेव्हापासून निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या गिऱ्हाइकांना तो कानडीत यादी पाठवतो. मालक खूश, आणि मला माझं शिकणं फुकट न गेल्याचं समाधान.

टॅली मला शेवटी दिवाणजींनीच शिकवलं, डोळ्याचं ऑपरेशन होऊन आल्यावर. त्यांची शिकवण उलटी होती, "माऊसला हात लावायचा न्हाई." एफ8 विक्री, एफ9 खरेदी, एफ5 पैसे दिले, एफ6 पैसे आले, एफ2 नं तारीख बदलायची. एंटरनं पुढं, एस्केपनं मागं, कंट्रोल आणि ए दाबलं की नोंद मान्य. इथं वेगळं सेव्ह करायचं नसतं, मान्य केलेली नोंद तिथल्या तिथं बसते. बिलात जीएसटी नंबर घालताना पहिले दोन आकडे बघायला त्यांनीच शिकवलं. 27 म्हणजे महाराष्ट्र, 29 म्हणजे कर्नाटक. 27 असेल तर बेअरिंगचा 18 टक्के कर 9 आणि 9 असा केंद्राचा नि राज्याचा पडतो, 29 असेल तर 18 एकत्र आयजीएसटी. पुढची दहा अक्षरं त्या माणसाचा पॅन असतो. गिऱ्हाइकानं तोंडी नंबर सांगितला तर पॅनशी ताडून बघता येतो. निपाणी म्हटलं तर इथनं तासाभराची, पण कागलच्या पुढं गेलं की राज्य बदलतं, आणि 50 हजारांवरचा माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे गाडीतनं माल न्यायचा सरकारी ऑनलाइन कागद, लागतं. राज्यातल्या राज्यात ती मर्यादा 1 लाखाची. गाडीचा नंबर टाकल्यावर 200 किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते, चुकीचं निघालं असेल तर 24 तासांत रद्द करायचं. सगळं सोपं आहे, फक्त ओटीपी मालकांच्या मोबाइलवर जातो आणि मालक त्या वेळी जेवायला घरी गेलेले असतात. आणि ई-वे बिलाचा बारा आकडी नंबर एक्सेलमध्ये नुसता टाकला की तो 2.31ई+11 असा काहीतरी होऊन बसतो. औषध तेच, रकाना आधी टेक्स्ट. बँकेचे खातेनंबर सोळा आकडी असले तर शेवटचा आकडा शून्यच करून टाकतं, कारण एक्सेल पंधरा आकड्यांपलीकडं लक्षात ठेवत नाही. ते परत येत नाही, म्हणून खातेनंबरांना माझ्या यादीत आधीपासून टेक्स्ट.

प्रिंटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी कंट्रोल आणि पी दाबून उजवीकडचं चित्र बघावं. एकच रकाना दुसऱ्या पानावर जात असेल तर सगळे रकाने एका पानावर बसवायचा पर्याय तिथंच खाली असतो. कागद वाचतो.

लाइटचं मात्र सांगते. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की आमच्याकडं लाइट जाणार हे ठरलेलं. यूपीएस कोकलायला लागला की पोरांना वाटतं अजून वेळ आहे, बिल पुरं करू. तो वेळ बिल पुरं करायला नसतो, सेव्ह करून नीट शट डाउन करायला असतो. एक्सेल दर दहा मिनिटांनी आपलं आपण एक प्रत ठेवतं, लाइट आल्यावर डावीकडं दाखवतं, पण शेवटच्या मिनिटांतलं त्यात नसेल. टॅलीचा बॅकअप मी संध्याकाळी शटर ओढायच्या आधी पेन ड्राइव्हवर घेते, आणि तो पेन ड्राइव्ह मालकांबरोबर राजारामपुरीला घरी जातो. तिथं पाणी चढत नाही. कॉम्प्युटरचा डबाही आता जमिनीवर नाही, भिंतीला लोखंडी फळी मारून वर ठेवलाय.

पासवर्ड मॉनिटरला चिकटवायची आमच्याकडची जुनी पद्धत होती, ती मी बंद केली. जागेवरनं उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबायचं, म्हणजे कॉम्प्युटरला कुलूप. त्यावरनं पोरांची चेष्टा अजून चालते. काउंटरवर दिवसभर बाहेरची माणसं वाकून बघतात, मी काही चेष्टेला भीक घालत नाही.

मार्चएंडला स्टॉक मोजायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा यादी छापून प्रत्येक रॅकला एकेक कागद दिला. 6205 ची शिल्लक कागदावर उणे 12. बेअरिंग उणे कसं असेल? मालक म्हणाले, तुमच्या कॉम्प्युटरनं घोटाळा केला. मी म्हटलं, उणे आहे म्हणजे जावक लिहिलीय आणि आवक लिहिलेली नाही, चलन कुठंतरी पडलंय. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये मालाबरोबर आलेलं चलन तसंच घडी घालून होतं, एक पेटी. रजिस्टरात हे कधीच सापडलं नसतं, कारण तिथं शिल्लक मीच काढायची आणि अडलं की मनानं जुळवायची.

आता वहिनींचं म्हणणं, स्टॉक एक्सेलमध्ये कशाला, टॅलीतच घेऊ, बिल मारलं की माल आपोआप कमी. बरोबरच आहे. दिवाणजींनी सुरुवातीपासून टॅलीत फक्त हिशेब ठेवला, माल चढवलाच नव्हता, म्हणून एक्सेलचा मार्ग घ्यावा लागला. माझी यादी तिकडं न्यायची म्हटल्यावर नवीनच काम निघालं. अर्धा इंची एल्बो, एल्बो अर्धा इंची, एल्बो 1/2, आणि एका ठिकाणी नुसतंच अर्धा एल्बो. आपल्याला चारीचा अर्थ एकच, कॉम्प्युटरला ते चार वेगळे माल. म्हणून मी आणि पोरगा रोज दुपारी बसून एकेका मालाचं एकच नाव ठरवतोय. आधी माल, मग साइज, मग कंपनी, हा क्रम. तो म्हणतो साइज आधी घेऊ, गिऱ्हाईक तसंच मागतं. मी म्हणते माल आधी, म्हणजे अक्षरानुसार लावलं की सगळे एल्बो एकत्र येतात. बेअरिंग आणि व्ही-बेल्ट झालेत, त्यात माझंच चाललं. फिटिंगचा रॅक राहिलाय.